कमी बजेटमध्ये चवदार मटण-चिकन: कुठला भाग घ्यायचा आणि तो कसा शिजवायचा

नवीन स्वयंपाक करायला लागलेल्या बऱ्याच जणांचं असं होतं की मटण नाहीतर चिकन आणायला जातात, नेमकं काय मागायचं ते माहीत नसतं, मग जे बोनलेस आणि स्वच्छ देखणं दिसतं ते घेतात, त्याचेच सगळ्यात जास्त पैसे देतात आणि घरी आल्यावर ते कोरडं ठक्क होतं नाहीतर नुसतंच मिळमिळीत लागतं. मग वाटतं आपल्या हाताला चवच नाही. हाताचा काही दोष नसतो हो, भाग आणि शिजवायची पद्धत यांची जोडी जुळलेली नसते एवढंच. आणि ही जोडी जुळवता आली की निम्म्या खर्चात जास्त चवीचं खाता येतं, हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण पैसे कमी आहेत म्हणून माणसानं बेचव खावं हे मला पटतच नाही.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसवा. स्वस्त भाग स्वस्त असतो तो चव कमी म्हणून नाही, तर त्याला वेळ लागतो म्हणून, किंवा त्यात हाडं-शिरा जास्त म्हणून, किंवा दिसायला ओबडधोबड म्हणून. महाग भागात तुम्ही पैसे मोजता ते मऊपणाचे, चवीचे नाही. वेळ तुमच्याकडे असेल तर मऊपणा घरीच तयार करता येतो. चव मात्र मागून घालता येत नाही, ती भागातच असावी लागते.

पायरी १: जनावर कुठल्या भागाचा वापर जास्त करतं ते बघा

हे कळलं की पुढचं निम्मं पाठ करायची गरजच नाही. जनावर दिवसभर चालतं, मान खाली घालून चरतं, म्हणजे पाय, खांदे, मान, छाती, गाल हे भाग सतत कामात. पाठीच्या दोन्ही बाजूंनी जो लांबट स्नायू जातो तो त्यामानानं आरामात असतो. कामातल्या स्नायूत कोलेजन जास्त असतं, म्हणजे त्या पांढऱ्या शिरा, पापुद्रे, चिवट पडदे, आणि तिथलं मांस रंगालाही गडद असतं कारण स्नायूत ऑक्सिजन साठवून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन तिथे जास्त असतं. म्हणून कामातला भाग चवीला दाट आणि दाताला वातड, आरामातला भाग मऊ आणि चवीला सौम्य.

आता खरी मजा इथे आहे. ते चिवट कोलेजन ओलाव्यात, मंद आचेवर बराच वेळ राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. साधारण ६० अंशांच्या पुढे हे हळूहळू सुरू होतं आणि ८०-९० अंशांच्या आसपास चांगला वेग घेतं. जिलेटिन झालं की तेच मांस लुसलुशीत लागतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो, दाट होतो, वेगळं काही न घालता. आरामातल्या भागात मुळात कोलेजनच कमी, त्यामुळे तो तुम्ही दोन तास शिजवलात तर मऊ व्हायच्या ऐवजी आतलं पाणी निघून कोरडा पडतो. महाग मांस रश्श्यात घालून वाया कसं जातं त्याचं कारण हे.

पायरी २: वेळ किती आहे ते दुकानात जायच्या आधी ठरवा

दुकानात गेल्यावर ठरवायला गेलात की समोर जे छान दिसेल ते घेतलं जाणार. म्हणून घरूनच ठरवून निघा. अर्ध्या तासात जेवायचंय? तर चिकनच्या मांड्या, कलेजी किंवा खिमा. दीड-दोन तास गॅसवर ठेवता येईल किंवा घरी कुकर आहे? तर खांदा, मान, छाती, पाय. सुट्टीचा दिवस आहे, तीन-चार तास हाताशी आहेत? तर पाये (पायाचा अगदी खालचा, खुराकडचा भाग), शेपटी, हाडांचा स्टॉक (हाडं मंद उकळून गाळलेलं पाणी). घाईच्या दिवशी स्वस्त वातड भाग आणू नका, अर्धवट शिजलेला खाल आणि परत कधी त्याच्या वाटेला जाणार नाही.

पायरी ३: बकरा आणि मेंढी, कुठला भाग कशाला

यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवणारे कारण बजेट इथेच जास्त हलतं.

खांदा, म्हणजे पुढच्या पायाचा वरचा भाग. नवशिक्यानं सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे. यात मांस, चरबी, शिरा, हाड सगळं बऱ्यापैकी प्रमाणात असतं, त्यामुळे थोडं कमी शिजलं तरी खाता येतं आणि थोडं जास्त शिजलं तरी बिघडत नाही, आणि रश्श्याला चव येते ती येतेच. मागच्या मांडीचं मांस एकसलग आणि जास्त निघतं, दिसायलाही छान, म्हणून तिला मागणी जास्त आणि बऱ्याच ठिकाणी भावही जास्त. पण मांडीत चरबी कमी असते, ती नीट सांभाळून शिजवली नाही तर कोरडी पडते. रस्सा करायचा असेल तर मांडीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका, ती अख्खी भाजायला किंवा पातळ कापून परतायला चांगली.

मान. हाडं वेडीवाकडी, मांस त्या हाडांच्या खाचांमध्ये अडकलेलं, खायला जरा खटपट, म्हणून लोक टाळतात आणि म्हणून ती स्वस्त मिळते. पण मानेचं मांस मऊसूत शिजतं, हाडाला लागून असल्यामुळे चव भरपूर, आणि रस्सा दाट होतो. शिजल्यावर हातानं हाडं काढून टाकली की त्याच मांसाचं सारण, सँडविच, भातात घालायला काहीही करता येतं.

छाती, ज्याला खाटीक सीना म्हणतात. यात मांस, चरबी, कुरकुरीत हाड असे थरावर थर असतात. चवीला फार भारी, पण चरबी बरीच. बकऱ्या-मेंढीची चरबी थंड झाली की पटकन गोठते आणि टाळूला चिकटते, म्हणून सीना गरमच खायचा, किंवा आदल्या दिवशी शिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी वर आलेला पांढरा थर चमच्यानं उचलून टाकायचा. बकऱ्या-मेंढीचा जो विशिष्ट वास असतो ना तो मुख्यतः चरबीतच असतो, ज्यांना तो नको वाटतो त्यांनी वरवरची जाड चरबी काढून टाकली की बराच फरक पडतो. सगळी मात्र काढू नका, चवही तिथेच असते.

नळीचा भाग, म्हणजे गुडघ्याखालचा पाय. हा जरा जवळून बघा. आडवा कापलेला तुकडा हातात घेतला की मधोमध गोल हाड, त्यात मगज (हाडातली मऊ मज्जा), भोवती गडद लाल मांसाचे चार-पाच गट्टे आणि प्रत्येक गट्ट्याभोवती पांढरा चिवट पापुद्रा. नवखा माणूस हे पापुद्रे बघून तुकडा बाजूला ठेवतो. तोच तुकडा दोन तास मंद शिजल्यावर बघा, पांढरे पापुद्रे पारदर्शक आणि थुलथुलीत झालेले असतात, मांस हाडावरून आपोआप सरकतं आणि मगज रश्श्यात उतरलेला असतो. हे पापुद्रे कच्चे असताना सुरीनं काढत बसू नका, सगळी करामत त्यांचीच आहे.

चापा पाठीच्या बाजूच्या असतात, पटकन होतात, म्हणून महाग. कधीतरी खायच्या असतील तर खा, पण रश्श्यात घालायला घेऊ नका, त्यांचा मऊपणाच फुकट जातो.

पाये आणि मुंडी यात मांस थोडं पण जिलेटिन खच्चून. यांच्याकडे जेवणातलं मांस म्हणून न बघता रश्श्याचा पाया म्हणून बघा. एखाद-दुसरा पाय इतर हाडांबरोबर टाकला तरी अख्ख्या पातेल्याला दाटपणा येतो.

पायरी ४: चिकन

इथे नियम सोपा आहे, अख्खी कोंबडी घ्या किंवा मांड्या घ्या. ब्रेस्टचं मांस सौम्य चवीचं आणि चरबी फार कमी, ७४ अंशांच्या वर जरा जास्त गेलं की कोरडं व्हायला लागतं, म्हणजे ज्याला अंदाज नाही त्याच्यासाठी सगळ्यात अवघड भाग हाच, आणि बऱ्याच ठिकाणी महागही हाच. मांडी आणि तंगडीत चरबी आणि कोलेजन जास्त, ती ८०-८५ अंशांपर्यंत गेली तर उलट जास्त चांगली लागते. नवशिक्याला एवढी सवलत दुसरा कुठला भाग देत नाही.

अख्खी कोंबडी किलोमागे स्वस्त पडते कारण कापायची मजुरी तुम्ही वाचवता. दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख, दोन ब्रेस्ट असे आठ भाग होतात आणि सांगाडा उरतो तो स्टॉकला. कापायला धारदार सुरी आणि थोडा संयम पुरतो: पाय अंगापासून बाहेर ओढा, कातडी कापा, मग पाय मागे वाकवून खुबा निखळवा, आणि सुरी हाडावर न चालवता त्या सांध्यातून फिरवा. हाडावर जोर द्यावा लागतोय म्हणजे जागा चुकलीय, अर्धा बोटभर इकडे तिकडे सरकवा, सांधा सापडला की सुरी आपोआप आत जाते.

काही ठिकाणी भाव जिवंत कोंबडीच्या वजनावर सांगतात. तसं असेल तर पिसं, आतडी वगैरे जाऊन साधारण ७० टक्के हातात पडतं हे धरून मगच दुसऱ्या भावाशी तुलना करा.

पंख एकेकाळी टाकाऊ समजले जायचे, लोकांना आवडायला लागले तसे बऱ्याच देशांत महाग झाले, त्यामुळे स्वस्त म्हणून डोळे झाकून पंख घेऊ नका, भाव बघा. कोंबडीचे पाय आणि पाठीचे तुकडे अजूनही बहुतेक ठिकाणी स्वस्त असतात आणि स्टॉकसाठी त्यांना तोड नाही. आणि अंडी देऊन म्हातारी झालेली कोंबडी मिळाली तर ती चवीला जबरदस्त असते, पण तिला तास-दोन तास शिजवायची तयारी ठेवा, भाजायला गेलात तर दात हलतील.

पायरी ५: डुक्कर आणि मोठी जनावरं

जे खातात त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण तत्त्व तेच आहे. डुकराचा खांदा हा स्वस्त भागांचा राजा म्हणावा असा, चरबी आत आत पसरलेली असते, मंद आचेवर तासन् तास ठेवला तर धाग्याधाग्यानं सुटतो. पोटाचा भाग चरबीवाला, गुडघ्याचा भाग जिलेटिनवाला. पाठीचा भाग दिसायला छान पण पटकन कोरडा पडतो.

मोठ्या जनावरात पायाची नळी, छाती, मान, गाल आणि शेपटी हे मंद शिजवायचे भाग. शेपटी पूर्वी स्वस्तात जायची, आता बऱ्याच ठिकाणी नाही. पोटाकडचे चपटे, लांब धाग्यांचे तुकडे मात्र वेगळ्या जातीचे आहेत, ते खूप गरम तव्यावर झटपट भाजायचे आणि धाग्यांना आडवे, पातळ कापायचे. उभे कापलेत तर रबर चावल्यासारखं होईल, आडवे कापलेत तर तोच तुकडा मऊ लागतो कारण लांब धागे तुम्ही सुरीनंच तोडलेले असतात. हा आडवं कापायचा नियम कुठल्याही मांसाला लागू आहे.

पायरी ६: कलेजी, दिल, पेठा, जीभ

पैशाच्या मानानं पोषण बघितलं तर यांच्या जवळपास काही येत नाही. कलेजीत लोह आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं. पण कलेजी बिघडते ती जास्त शिजवल्यानं, ती रवाळ, कोरडी, कडवट होते. तवा चांगला गरम करा, बोटभर जाडीचे तुकडे, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, मधोमध कापून बघा, कच्चं रक्त दिसत नाही आणि आत ओलसर आहे म्हणजे झाली. कोंबडीची कलेजी आतून गुलाबी कच्ची ठेवू नका, पूर्ण शिजवा. मीठ शेवटी.

पेठा, म्हणजे कोंबडीची दाणे दळणारी पोटातली पिशवी, हा नुसता कामसू स्नायू, कुकरमध्ये किंवा तासभर उकडून मग परता. दिल मात्र पातळ कापून झटपट परतता येतो. जीभ दोन-तीन तास उकडायची आणि गरम असतानाच वरची खरखरीत साल ओढून काढायची, गार झाली की निघत नाही. वजडी, म्हणजे जनावराचं पोट-आतडी, स्वच्छ करायला मेहनत आहे, पहिल्यांदा घेताना साफ केलेलीच मागा.

दोन सावधगिऱ्या. गरोदर बाईनं कलेजी टाळावी कारण त्यातलं अ जीवनसत्त्व त्या काळात जास्त होऊ शकतं. आणि ज्यांना गाऊटचा त्रास आहे, युरिक अॅसिड वाढतं, त्यांनी हे अवयव डॉक्टरांना विचारूनच खावेत.

पायरी ७: पाटीवरचा भाव नाही, पोटात जाणारा भाव काढा

हे सगळ्यात कमी लोक करतात. पाटीवरचा किलोचा भाव भागिले त्यातला खाता येणारा हिस्सा. समजा हाडासकट मांसाचा भाव १०० आहे, चलन कुठलंही धरा, आणि त्यात ३० टक्के हाड आहे. म्हणजे ७०० ग्रॅम मांसाला १०० दिले, किलोला पडले साधारण १४३. आता शेजारी तेच बोनलेस १३० ला असेल तर बोनलेस स्वस्त, १६० ला असेल तर हाडवालं स्वस्त. आणि हाडवाल्यात हाडं तुमचीच, त्यांचा स्टॉक होतो, ती वाया गेलेली धरू नका. पण मान, पाये यांत हाड निम्म्याहूनही जास्त असू शकतं, तिथे भाव खूपच कमी असेल तरच परवडतं, हेही लक्षात ठेवा.

शिवाय शिजताना पाणी आणि चरबी जाऊन वजन साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतं. माणशी अंदाज सांगायचा तर हाडाशिवाय १५० ग्रॅम, हाडासकट २०० ते २५० ग्रॅम कच्चं मांस पुरतं. बरोबर बटाटा, डाळ, कडधान्य, मश्रूम असं काही घातलं तर त्याच्या निम्म्यातही भागतं, आणि चवदार भाग घेतला असेल तर ती चव त्या भाजीत मुरते आणि कुणाला मांस कमी पडलंय असं वाटत नाही. मिळमिळीत ब्रेस्ट घेऊन हे जमत नाही, म्हणूनच मी सारखा भागावर भर देतोय.

मॅरिनेट केलेलं, स्किनलेस, तुकडे करून ट्रेमध्ये लावलेलं, या सगळ्याचे पैसे वेगळे लागलेले असतात. फ्रोजन पाकिटावर मागच्या बाजूला घटक वाचा, त्यात पाणी आणि मीठ असं लिहिलेलं असेल तर तुम्ही पाण्याचेही पैसे देताय.

पायरी ८: दुकानात काय बघायचं, काय बोलायचं

गर्दीच्या वेळी जाऊ नका, खाटकाला बोलायला वेळ असेल तेव्हा जा. आणि सरळ सांगा की दादा, रस्सा करायचाय, दोन तास शिजवणार आहे, बजेट एवढं आहे, काय द्याल? चांगला खाटीक लगेच भाग सुचवतो, कारण खपायला अवघड असलेले भाग त्यालाही काढायचेच असतात. तुकडे केवढे हवेत तेही सांगा. मंद शिजवायला मोठे, लिंबाएवढे तरी हवेत, बारीक तुकडे मऊ होईपर्यंत विरघळून जातात.

बघताना: मांस ओलसर चालेल, चिकट-बुळबुळीत नको. बोटानं दाबलं तर खड्डा भरून यायला हवा. वास जवळजवळ नसावा, आंबूस तर अजिबात नको. रंगावरून मात्र घाई करू नका, व्हॅक्यूम पाकिटातलं मांस जांभळट दिसतं कारण त्याला हवा मिळालेली नसते, उघडून थोडा वेळ ठेवलं की लाल होतं. वरून किंचित तपकिरी पडलं म्हणजे खराब झालंच असं नाही, वास आणि स्पर्श यांच्यावर जास्त विश्वास ठेवा. पाकिटात तळाशी खूप लाल पाणी साचलंय तर सोडून द्या.

जनावर कोवळं की जून हे हाडावरून कळतं. कोवळ्याचं हाड गुलाबीसर आणि जरा जाळीदार, जूनचं पांढरं आणि टणक. कोंबडीत छातीच्या हाडाचं टोक दाबून बघा, लवचिक असेल तर कोवळी. जून वाईट असं नाही, चव जास्त असते, फक्त वेळ दीडपट-दुप्पट धरून चला.

खिमा तयार ठेवलेला घेऊ नका. खांदा किंवा मानेचा तुकडा दाखवा आणि समोर करून घ्या, १५-२० टक्के चरबी राहू द्या म्हणजे कोरडा होत नाही. तयार खिम्यात काय गेलंय ते कळत नाही, आणि एकदा दळलं की जंतू सगळीकडे पसरतात म्हणून तो लवकरही खराब होतो.

अजून एक. जनावर कापल्यावर काही तासांनी स्नायू आखडतात आणि मग पुन्हा सैल होतात. आखडलेल्या अवस्थेत शिजवलं तर कितीही चांगला भाग असला तरी चिवट लागतो. अगदी ताजं मटण आणलं असेल तर एक दिवस फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि मग शिजवा, फरक नक्की जाणवेल.

पायरी ९: शिजवताना

आदल्या रात्री मीठ लावून ठेवता आलं तर उत्तम, किलोला अडीच-तीन छोटे चमचे. मीठ हळूहळू आत जातं, प्रोटीन सैल करतं आणि शिजताना पाणी धरून ठेवायला मदत करतं. बाकी मसाले, दही, लिंबू हे फारसं आत जात नाहीत, वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच. कच्ची पपई लावायची तर अगदी थोडी आणि तासभरच, रात्रभर ठेवलीत तर बाहेरून पिठूळ लगदा आणि आतून तसंच.

शिजवायच्या आधी तुकडे कोरडे पुसा आणि गरम तेलात थोडे थोडे करून तांबूस भाजून घ्या. सगळे एकदम टाकले की अंगचं पाणी सुटतं आणि तुकडे भाजायच्या ऐवजी उकडतात, पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि तो तांबूस भाजका रंग-वास यायला साधारण १४० अंश लागतात. भाजल्यानं आत रस कोंडला जातो असं म्हणतात ते खरं नाही, भाजायचं ते चवीसाठी. तळाला जे तपकिरी चिकटतं ते पाणी घालून खरवडून घ्या, रश्श्याची चव तिथे आहे.

मग कांदा, लसूण, आलं, मसाले तुमच्या आवडीचे, मांस जेमतेम बुडेल एवढं पाणी, झाकण, आणि आच इतकी मंद की पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा येईल. खळखळ उकळलं तर धागे आकसून पाणी बाहेर फेकतात.

आता नीट ऐका. चाळीसेक मिनिटांनी तुम्ही एक तुकडा चाखाल आणि तो सुरुवातीपेक्षा जास्त वातड लागेल. धागे आकसलेत पण कोलेजन अजून विरघळलेलं नाही, ही मधली अवस्था आहे. बरेच जण इथेच समजतात की मटणच खराब होतं आणि गॅस बंद करतात. बंद करू नका. बकऱ्याचा खांदा किंवा मान दीड ते अडीच तास, मोठ्या जनावराची नळी तीन तासांच्या वरही. घड्याळापेक्षा काट्याचं ऐका: काटा तुकड्यात घालून फिरवा, विरोध न करता फिरला आणि मांस सैल झालं की झालं. कुकरमध्ये पूर्ण प्रेशरला तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं म्हणून तेच काम अर्ध्या तासाच्या आसपास होतं, गॅसही वाचतो. प्रेशर आपोआप उतरू द्या, घाईनं सोडलंत तर आतलं पाणी जोरात उकळून मांस कोरडं पडतं.

झाल्यावर तुकडे रश्श्यातच अर्धा तास राहू द्या. आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, त्यामुळे शक्य असेल तर आदल्या दिवशीच करा.

झटपट शिजवायच्या भागांचं वेगळं: चिकन आतून ७४ अंश, खिमा ७१ अंश व्हायलाच हवा. साधा मांस-थर्मामीटर घेऊन ठेवा, दोन-तीन वेळा मांस वाया जाण्यापासून वाचलं की पैसे वसूल.

पायरी १०: साठवण आणि हाडं

स्वस्तात जास्त घेतलं आणि सडवलं तर बचत कसली. फ्रिज ४ अंश किंवा त्याखाली हवा. कच्चं चिकन, खिमा, कलेजी एक-दोन दिवस, मटणाचे तुकडे तीन ते पाच दिवस, त्यापुढे फ्रीजर उणे १८ ला. घरी आल्या आल्या एका वेळेपुरत्या पिशव्या करा, हवा काढा, हातानं दाबून पातळ चपट्या करा आणि तारीख-भाग लिहा. चपटी पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते, एकावर एक रचताही येते. गोठलेलं मांस फ्रिजमध्येच रात्रभर सोडवा, ओट्यावर नाही. कच्चं मांस नळाखाली जोरात धुतलं तर शिंतोड्यांबरोबर जंतू सिंक-ओट्यावर उडतात, म्हणून पुसून घेणं बरं, धुवायचंच असेल तर भांड्यात हळू धुवा आणि नंतर सगळं साबणानं घासा.

हाडं, सांगाडा, पाय, कापताना निघालेल्या शिरा एका डब्यात फ्रीजरमध्ये जमवत जा. डबा भरला की हाडं मोठ्या पातेल्यात, गार पाणी वरपर्यंत, उकळी यायला लागली की वर येणारा फेस काढा आणि मग आच अगदी बारीक. चिकन दोन-तीन तास, मटण चार तासांपर्यंत. मीठ घालू नका, नंतर आटवलं तर खारट होईल. गाळून उथळ भांड्यात पटकन गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. सकाळी जेलीसारखं थरथरत असेल तर उत्तम झालं, नसेल तर पुढच्या वेळी एखादा पाय जास्त टाका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, जास्त ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. भात, डाळ, सूप, भाजी, कशातही पाण्याऐवजी दोन-तीन तुकडे टाका, आणि वापरताना दरवेळी खळखळ उकळून घ्या.